काठीची गाडी

लुधियाना
१४ सप्टेंबर १९८१

ताई,

परत तेच. तिसरं पत्र झालं, तिन्ही पत्रांत सायकल वाईट, सायकल वाईट. अगं सायकल वाईट नाय, सायकल चुकीच्या जागी चाललीय. तू घेतलीस ती लेडीज सायकल कॉलेजच्या पोरींची, डांबरी रस्त्याची. तिला मधली आडवी दांडी नाय, म्हणजे पाठीला कणा नाय. ती तू कळवणच्या डोंगरात पायवाटेवर घातलीस. कॅरिअरला औषधाची पेटी, लसीचा फ्लास्क, वर बसणार तू. मग ती पायडलपाशी तडकणार नाय तर काय करणार?

भिकनभाऊनं दोनदा वेल्डिंग मारलं म्हणतेस. त्याच्या वेल्डिंगचं मला नको सांगू. दोन वर्षं त्याच्या दुकानात पंक्चरं काढली मी. मला म्हणायचा, "सावळ्या, तुझ्या हातात काम टिकत नाय नि तू कामात टिकत नाय." आता त्याचं वेल्डिंग किती टिकलं ते विचार त्याला. माझं नाव घेऊन विचार.

इथं आमच्या कारखान्यात दिवसाला ऐंशी फ्रेमी निघतात. सगळ्या एका साच्याच्या, इंग्रज गेला तरी साचा तोच. एका फ्रेमीला आठ सांधे, आठही सांध्यांना पितळेचा टाका मी मारतो. हिशेब तू कर, तू मॅट्रिक. मी उस्तादला म्हटलं, डोंगरासाठी वेगळी फ्रेम काढू. तो म्हणाला, डोंगरात सायकल चालवतो कोण? मी म्हटलं, माझी बहीण. सगळे हसले. हसू दे.

आता माझं डोकं बघ. हँडलच्या नळीपासून एका जाड नळीऐवजी दोन बारीक नळ्या तिरप्या निघतील, सीटच्या नळीला दोन्ही बाजूंनी धरतील आणि तशाच मागच्या चाकापर्यंत जातील. आडवी दांडी नाय, म्हणजे साडीची अडचण नाय. दुसरं म्हणजे, मागच्या चाकाला धरणारे खालचे दोन हात चेनीच्या शेजारून जातात ना, ते मी चेनीच्या वरून नेणार. दगडाला लागणार नाय, गवत-चिखल अडकणार नाय. असं केलेलं मी तरी कुठं पाह्यलं नाय.

आणि तो झुंबर कोण? बांबूची सायकल करा म्हणतो? ताई, बांबू तिरडीला लागतो. त्याला सांग, एवढी घाई नाय आम्हाला.

आईला विंचूरला पत्र टाकलंय. पोचलं का विचार.

तुझा
सावळीराम

•

उंबरदरी उपकेंद्र, ता. कळवण
४ ऑक्टोबर १९८१

चि. सावळीराम यास सप्रेम जयभीम.

तिरडीचा विनोद झुंबरला सांगितला. तो म्हणाला, "तुमच्या भावाला सांगा, पाळणा पण बांबूचाच असतो." आता तू उत्तर शोध.

तू रागावतोस, पण नीट वाचत नाहीस. मी सायकल मोडते म्हणून रडत नाही. सायकल मोडली तर मी चालत जाईन, आतापर्यंत गेलेच की. मी फ्लास्कसाठी रडते. तुला एकदा सगळं लिहिते, पुन्हा लिहायला लावू नकोस.

मंगळवारी सकाळी अभोण्याहून एसटीने बर्फ आणि त्रिगुणी लस येते. मी ती काचेच्या फ्लास्कमध्ये घेऊन उंबरदरीहून वरच्या पाड्याला निघते. सात किलोमीटर. पहिले तीन गाडीवाट, मग ओढा, मग नुसता दगडांचा चढ. चालत गेले तर पोचायला एक वाजतो आणि तोवर बर्फाचं पाणी झालेलं असतं. लस गरम झाली की ती लस राहत नाही, पोराच्या मांडीत नुसती सुई टोचणं होतं. सायकलने गेले तर साडेदहाला पोचते, बर्फ खडखडीत असतो, पण दगडांवर हादरे बसून फ्लास्कची काच आतून फुटते. पावसाळ्याआधी तीन फुटले. हलवला की आत बांगड्या वाजल्यासारखं वाजतं. ते वाजलं की मी तिथूनच मागे फिरते.

गेल्या पौषात वरच्या पाड्यावर डांग्या खोकल्याने तीन पोरं गेली. एक फुलाबाईचं, ते माझ्याच हातावर जन्मलेलं. आता तीन डोस, महिन्याच्या अंतराने, एकोणीस पोरांना. एवढंच मला पाहिजे. तू फ्रेम मोडू नये म्हणून भांडतोस, मी फ्लास्क फुटू नये म्हणून. दोन्ही एकच नव्हे.

झुंबर वरच्या पाड्यावर टोपल्या नि कणग्या विणतो. त्याने माझ्यासमोर एक काठी गुडघ्यावर धरून वाकवली आणि सोडली. म्हणाला, "बाई, लोखंड मार खातं आणि तुम्हाला देतं. वेळू मार खातो नि पोटात ठेवतो." मला त्यात काही चूक दिसली नाही. तुला दिसत असेल तर लिही, पण शिव्या न देता लिही.

चेनीच्या वरून हात न्यायचं तुझं म्हणणं मात्र पटलं. गवत काढून काढून नखं गेली माझी.

आईची तब्येत बरी आहे. तुझं पत्र पोचलं, शेजारच्या मास्तरांकडून तीन वेळा वाचून घेतलं तिने.

तुझी ताई
मैना

•

लुधियाना
६ नोव्हेंबर १९८१

ताई,

फ्रेम झाली. परवा रेल्वेच्या पार्सलला टाकली, नाशिकरोडला उतरेल. पावती सोबत आहे, हरवू नको. भिकनभाऊला घेऊन जा आणि चाकं, पुढच्या चाकाचा चिमटा, सीट जुन्या सायकलची चढव. तो म्हणेल नाय बसत. बसते. मी मापं घेऊन केलीय.

कशी केली ते ऐक. इथं दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी विश्वकर्म्याचा दिवस असतो. सगळ्या गल्लीत भट्ट्या बंद, हत्यारं धुऊन पुसून मांडतात, फुलं वाहतात, आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाय. आपल्याकडं खंडेनवमीला करतात तसं. मी म्हटलं, आपण कधीच सोडलंय हे. कारखाना रिकामा, गॅसची टाकी भरलेली, किल्ली कुठं टांगतात ते मला माहीत. सकाळी सातला शिरलो ते संध्याकाळी उठलो. ताई, असा दिवस मला कधी मिळाला नव्हता. कुणी हाक मारणारा नाय, कुणाची ऐंशी फ्रेमीची घाई नाय. एक एक सांधा मी असा भरला की पितळ कुठं संपलं नि लोखंड कुठं सुरू झालं ते बोटाला कळणार नाय.

तुझ्या फ्लास्कसाठी कॅरिअर वेगळं नाय ठेवलं, फ्रेमीलाच जोडून टाकलं, हलायला जागाच नको. वर दोन आडव्या पट्ट्या जास्तीच्या मारल्या. हत्ती बसला तरी हलणार नाय.

झुंबरला दाखव. म्हणावं, गुडघ्यावर वाकवून दाखव ही.

खोली बदललीय. पुढचं पत्र खालच्या पत्त्यावर टाक, जुन्यावर नको. कारखान्याच्या पत्त्यावर तर नकोच, तिथं पत्रं गहाळ होतात.

सावळीराम

•

उंबरदरी
१२ डिसेंबर १९८१

चि. सावळीराम यास जयभीम.

फ्रेम पोचली. हिरवा रंग फार छान दिसतो. भिकनभाऊने चाकं चढवली, काही अडचण आली नाही. अभोण्याच्या बाजारात लोक थांबून बघत होते, एकाने विचारलं ही परदेशी आहे का. मी म्हटलं, विंचूरची आहे.

सायकल छान चालते. चिखल अजिबात अडकत नाही.

इथे थंडी पडली आहे. आईने तुझ्यासाठी गोधडी शिवायला घेतली आहे. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी ताई
मैना

•

लुधियाना
३ जानेवारी १९८२

ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय पंधरा दिवस. दहा ओळी. मोजल्या. रंगाबद्दल एक, बाजाराबद्दल दोन, गोधडीबद्दल एक. फ्लास्कबद्दल एकही नाय.

तू शाळेत नापास झाल्यावर आबांना असंच सांगायचीस, "आज बाईंनी निबंध छान म्हटला." सगळं खरं, फक्त गणिताचं नाव नाय.

सरळ विचारतो. चढावर मागचं चाक घसरतं का? उतारावर हँडल थरथरतं का? चेन किती वेळा पडली? फ्लास्क किती फुटले? चार प्रश्न, चार उत्तरं.

इथं धुकं इतकं की दुपारपर्यंत समोरचा माणूस दिसत नाय. दिवसभर डोकं फिरल्यासारखं होतं. कधी वाटतं ट्रक पकडावा आणि जावं कुठंतरी, अंबाल्याला, कुठंही. पण मग वाटतं आधी हिचं उत्तर येऊ दे.

सावळीराम

•

उंबरदरी
२० फेब्रुवारी १९८२

सावळ्या,

चार प्रश्नांची चार उत्तरं. चाक घसरत नाही. हँडल थरथरत नाही. चेन एकदाही पडली नाही. फ्लास्क दोन फुटले.

आता बाकीचं. तुझी फ्रेम ऐरणीसारखी आहे. तिच्यावर बसून ओढ्याच्या पलीकडचा चढ चढले की दात एकमेकांवर आपटतात, बोलता येत नाही. जुनी सायकल निदान इकडून तिकडे वाकायची, तुझी जराही वाकत नाही. जेवढा दगडाचा मार, तेवढा सगळा कॅरिअरवर. तू फ्लास्कला हलायला जागा ठेवली नाहीस, म्हणूनच तो फुटला.

पहिला फुटला तेव्हा गप्प बसले. दुसरा फुटला तो ऐन पाड्यावर पोचताना. झुंबरने घरोघर सांगून ठेवलं होतं, एकोणीसच्या एकोणीस पोरं घेऊन बाया वडाखाली बसलेल्या. मी फ्लास्क उचलला आणि आत बांगड्या वाजल्या. झाकण उघडलं तर काच, पाणी आणि लसीच्या बाटल्या कोमट. त्या बायांना काय सांगू? टोचू शकले असते, कुणाला कळलं नसतं. नाही टोचलं. म्हटलं, पुढच्या वेळी. धोंडाबाई म्हणाली, "बाई, तुम्ही दर वेळी पुढच्या वेळीच येता." तिथे बाकीच्या हसल्याही नाहीत. उठून गेल्या. पाड्याचा भगत त्याच दिवशी उताऱ्याच्या चार कोंबड्या घेऊन गेला, असं नंतर कळलं.

हे तुला लिहिलं नाही, कारण तुझ्या त्या दिवसाचं पत्र मी वाचलं होतं. असा दिवस कधी मिळाला नव्हता म्हणालास.

पण तूही लिहिलं नाहीस. दिवाळीत मी कारखान्याच्या पत्त्यावर पत्र टाकलं होतं. ते गेल्या महिन्यात परत आलं. पाकिटावर कुणीतरी लिहिलंय, "लडके को निकाल दिया. विश्वकर्मा के दिन भट्टी जलाई." मी ते आईला दाखवलं नाही. हिरव्या रंगाकडे बघितलं की ती ओळ आठवते, म्हणून सायकल सध्या भिकनभाऊच्या दुकानात ठेवली आहे.

आता कामाचं. मला मागचे दोन हात बांबूचे पाहिजेत. तुझ्यासारखेच चेनीच्या वरून जाणारे, पण बांबूचे, आणि कॅरिअर त्या बांबूंवर बसवलेलं. पुढचा भाग तुझाच राहू दे. झुंबर बांबू देतो, भिकनभाऊ कापायला तयार आहे. पण बांबू लोखंडात धरणारी बोळकी बनवायची अक्कल इथे कुणाकडे नाही. भिकनभाऊ स्वतः म्हणाला, "ते सावळ्याच करू जाणे." शब्दाला शब्द लिहिला आहे.

बांबू तोडून झालासुद्धा. त्यावरून झुंबरशी वाजलं. तो म्हणे, चांदणं वाढतंय, आता तोडायचा नाही, अमावास्येच्या अंधारात तोडायचा, नाहीतर कीड लागते. मी म्हटलं, मी पाड्यावर भगताशी भांडते आणि सायकलसाठी पंचांग बघू? माझी सुट्टी रविवारी, सात तारखेला. त्या दिवशी तोडायला लावला. तो कोयता घेऊन पुढे चालायला लागला.

कुठे काम करतोस? खरं लिही.

मैना

•

लुधियाना
८ मार्च १९८२

ट्रकच्या बॉड्या बनतात तिथं काम करतो. रोजावर. खातो नीट.

उस्तादनं मारलं नाय. हत्यारावरची फुलं बाजूला केलेली त्याला दिसली, तेवढंच म्हणाला, "तूने मेरे बाप के औजार जगाए." मग पगार मोजून दिला. मी चूक केली असं मला अजून वाटत नाय. त्याचं तोंड मात्र आठवतं.

बांबूला बोळकी मी करणार नाय. माझी फ्रेम दुकानात पडून राहू दे. भिकनभाऊला चहा ठेवायला टेबल होईल.

सावळीराम

तुझा बांबू भरीव आहे की पोकळ? जाडी किती? पेरांचं अंतर किती, आणि पेर नेमकं टोकाशी येतं का मध्ये? टोकाशी पेर नसेल तर बोल्ट घातला की उभा चिरतो. सहज विचारतोय.

•

उंबरदरी
२५ मार्च १९८२

सावळ्या,

सहज उत्तर देते.

भरीव आहे, लाठीचा. एका टोकाला माझा अंगठा आणि पहिलं बोट मिळून होतं तेवढा जाड, म्हणून तुझ्यासाठी भोवती दोरा गुंडाळून गाठ मारून पाठवला आहे. झुंबरने दोन्ही टोकांना पेर येईल असेच तुकडे काढले आहेत, त्याला ते सांगावं लागलं नाही. मधली पेरं एकोणीस सेंटिमीटरवर.

तो म्हणतो बोल्ट घालूच नका, भोक पाडलं की बांबू मेला. बोळक्यात राळ ओता, बांबू बसवा, वरून अंबाडीचा ओला वाख आवळून बांधा. वाळला की लोखंडाला सोडत नाही.

आई विचारते गोधडी पाठवू का ठेवू.

मैना

•

लुधियाना
१९ एप्रिल १९८२

ताई,

झुंबरला सांग, भोकाचं त्याचं खरं. मी दोन तुकड्यांवर करून पाह्यलं, इथल्या बांबूवर. बोल्टवाला चिरला. राळवाल्याला मी आणि एक ड्रायव्हर लोंबकळलो, तरी सुटला नाय.

पण वाखाचं त्याचं अर्धंच खरं. वाख आवळतो, पण पिळाला धरत नाय. तू चढावर उभी राहून जोर मारशील तेव्हा फ्रेम पिळते, आणि मागचे हात चेनीच्या वरून नेल्यानं जास्तच पिळते. तो माझ्या आखणीचा दोष आहे. मला तेव्हाही माहीत होता, म्हणून तर मी आडव्या पट्ट्या मारल्या होत्या. म्हणून बोळकी गोल नाय केली, आतून चौकोनी केली. बांबूची टोकं तेवढीच चौकोनी तासायची, एक बोटभर. मग तो फिरूच शकत नाय.

चार बोळकी आणि मागचं चाक अडकवायचे दोन कान पार्सलनं पाठवले. ट्रकच्या भंगारातली नळी आहे, फ्रेमीच्या नळीपेक्षा जाड. इथल्या मालकाला विचारून केली या वेळी. तो म्हणाला, काय आहे हे? मी म्हटलं, पोरांच्या औषधाची गाडी. तो म्हणाला, मग गॅसचे पैसे नको.

जुने लोखंडी हात भिकनभाऊला कापायला सांग. मला वाटलं होतं हे लिहिताना हात अडखळेल. अडखळला नाय एवढा. माझ्याच टाक्यावर करवत जाईल, तर निदान सरळ कापू दे त्याला.

फ्लास्क कसा बांधणार ते लिही.

गोधडी ठेव.

सावळीराम

•

उंबरदरी
१६ जून १९८२

चि. सावळीराम यास जयभीम.

पाऊस सुरू व्हायच्या आत दोन फेऱ्या झाल्या. पहिली मे महिन्यात, दुसरी या महिन्याच्या आठ तारखेला. दोन्ही वेळा फ्लास्क जसाच्या तसा, आत बर्फ. फ्लास्क मी जुन्या लुगड्याच्या चुंबळीवर ठेवते आणि दोन्ही बांबूंना बांधते.

चालते कशी ते विचारशील. दगडावरून गेली की आधी पुढून दणका बसतो, तो तुझा. मग मागून बसायला पाहिजे तो बसत नाही, नुसतं खालून कुणी उचलल्यासारखं वाटतं. चढावर थोडी करकरते. भिकनभाऊ म्हणतो, "करकरतेय तोवर काळजी नाय, गप्प झाली की उतर."

पाड्यावरची पोरं तिला काठीची गाडी म्हणतात. वरून वाट दिसते ना, मी ओढा ओलांडला की ती ओरडत सुटतात. पहिल्या फेरीला एकोणीसपैकी नऊच जण आले, दुसऱ्या फेरीला त्यातले आठ. धोंडाबाई नातवाला घेऊन येते, पण लांब उभी राहते. भगताने सांगितलंय, सुईने ताप येतो. येतोच, एक दिवस येतो. मी प्रत्येकीला आधीच सांगून ठेवते.

जे आठ झालेत त्यांचा तिसरा डोस राहिला. नवव्याचा दुसरा, बाकीच्यांचा पहिला. ओढा उतरल्यावर सप्टेंबरात.

मैना

•

उंबरदरी
३० सप्टेंबर १९८२

सावळ्या,

हे पत्र बसून वाच, आणि मधेच उठून जाऊ नकोस.

परवा मंगळवारी तिसरी फेरी होती. ओढा उतरला होता. सकाळी सायकल काढली तर उजव्या बांबूखाली फरशीवर पिवळं पीठ पडलेलं, चिमूटभर. झाडून टाकलं. निघाले. ओढ्यापलीकडे चढ लागला आणि माझ्या लक्षात आलं की गाडी करकरत नाहीये. भिकनभाऊचं बोलणं आठवेपर्यंत मागून एक आवाज आला, पापड मोडल्यासारखा, आणि मी दगडांत.

मला फारसं काही झालं नाही, कोपर खरचटलं. उठून आधी फ्लास्क हलवला. वाजला नाही. झाकण उघडलं, बर्फ होता. पण गाडी दोन तुकडे. उजवा बांबू मधेच मोडला होता, आत नुसती भोकं आणि भुगा. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झालेली, पाडा अजून दोन किलोमीटर वर, ऊन डोक्यावर आणि पाय मुरगळलेला. मी तिथे एका दगडावर बसले आणि हिशेब केला की लंगडत वर पोचेपर्यंत बर्फ राहील का. नाही राहत.

तेवढ्यात वरून दगड घरंगळायला लागले. बघते तर पाड्याची वाट बायांनी भरलेली. पोरांनी वरून बघितलं होतं, काठीची गाडी पडली म्हणून ओरडत घरोघर गेली होती. पुढे फुलाबाई, तिच्या कडेवर जावेचं पोर. तिच्या मागे एक एक करून सगळ्या, पोरं काखेत, पाठीवर. धोंडाबाई सगळ्यात शेवटी, नातवाला झोळीत घालून, वाटभर बडबडत. आली आणि म्हणाली, "तुम्ही पुढच्या वेळी म्हणायच्या आत आम्हीच आलो."

तिथेच पळसाखाली बसले. मोडक्या गाडीवर पेटी ठेवली, त्याचं टेबल झालं. आठही जणांचा तिसरा डोस झाला. उरलेल्या अकरांपैकी दहा पोरांचा पहिला. धोंडाबाईने नातवाचा पाय स्वतः धरला, मला म्हणाली, "हळू," आणि दुसरीकडे बघितलं. ते नववं पोर आजोळी गेलंय. शेवटच्या बाटलीपर्यंत फ्लास्कात बर्फ होता.

झुंबर नंतर आला. मोडका बांबू त्याने दगडावर हलकेच आपटला आणि पडलेलं पीठ हातावर घेऊन माझ्यासमोर धरलं. मीच म्हटलं, "तुझं खरं." तर म्हणतो, "माझं काय, वेळूचं खरं. चांदण्यात त्यात गोडी चढते, किडा गोडीला येतो." आता पुढच्या अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचं ठरलं आहे. तू मला पत्रात हसशील ते माहीत आहे. हस.

दहा पोरांचे दोन-दोन डोस अजून बाकी आहेत. पलीकडच्या उपकेंद्राच्या सुमनबाई काल मुद्दाम बघायला आल्या होत्या, मोडकी गाडी बघूनसुद्धा म्हणाल्या, मला असलीच पाहिजे. त्यांचे दोन पाडे माझ्याहून उंच आहेत.

डावीकडची बोळकी शाबूत आहेत, उजवीकडची पडताना चेपली.

मैना

•

लुधियाना
१७ ऑक्टोबर १९८२

ताई,

मधेच उठलो. दोनदा उठलो. तू मुरगळल्या पायानं दगडावर बसलीस तिथं मी पत्र ठेवून यार्डाला एक चक्कर मारून आलो, मग पुढचं वाचलं. नंतर इथल्या ड्रायव्हरला मोठ्यानं वाचून दाखवलं, त्याला मराठी येत नाय तरी.

हसत नाय मी तुला. कोणत्या तोंडानं हसू? तू चांदण्यात बांबू तोडलास, मी विश्वकर्म्याच्या दिवशी भट्टी पेटवली. आबा असते तर म्हणाले असते, दोघांना एकाच बैलगाडीला जुंपा.

पण भांडण अजून संपलं नाय. तू सगळं चांदण्यावर टाकलंस. मी म्हणतो माझ्या बोळक्यातपण दोष होता. खालून बंद केली होती, पावसाचं पाणी आत शिरलं की साचून राहणार. ओल्या बांबूला कीड लवकर धरते, असं इथला सुतार म्हणतो. तेव्हा झुंबरला अंधारात तोडू दे, आणि मी या वेळी बोळक्याच्या बुडाला भोक पाडलंय, पाणी निघून जाईल. कुणाचं खरं ते आपल्याला कधीच कळणार नाय. न कळू दे, गाडी टिकू दे. आणि तोडल्यावर पंधरा दिवस वाहत्या ओढ्यात बुडवून ठेव, मग सावलीत वाळव. गोडी असली तर धुऊन जाईल. हे झुंबरला विचार, माझं म्हणून सांगू नको.

दोन जोड करून पाठवतोय, एक तुझा, एक सुमनबाईंचा. सुमनबाईंची उंची किती? तुझ्याएवढ्या धरून केलंय. त्यांना पुढची फ्रेमपण लागेल, ती मी इथं करायला घेतलीय, मालकानं रविवारी गॅस वापरायला हो म्हटलंय. दोन आडव्या पट्ट्या मारणार नाय.

भिकनभाऊला एक सांग. करकर थांबली की उतर, हे त्यानं बरोबर सांगितलं होतं. हे मी कबूल केलं असं सांग.

पाय शेकत जा. दुखत असेल तर कळवणला जाऊन दाखव, स्वतःच स्वतःची नर्स होऊ नको.

अजून एक. दिवाळीला अचानक येऊन उभा राहणार होतो, कुणाला कळवलं नव्हतं, आईलापण नाय. आता सांगूही नको. इथं मुक्काम वाढला. तिकिटाचे पैसे बाजूला काढले होते ते उद्या मनीऑर्डर करतो. आधी झुंबरच्या हातात त्याच्या दोन्ही बांबूंचे आणि वाखाचे ठेव, तो नको म्हणेल, तरी ठेव. मग एक नवा फ्लास्क घे, फुटला नाय तरी जोडीला असू दे. उरले तर उरले. एकशे अठरा रुपये.

सावळीराम